तरुणांचे लैंगिक आरोग्य : संयम आणि गर्भनिरोधन

नको असलेली गर्भधारणा टाळणे, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांपासून बचाव आणि कोणत्याही संबंधात दोघांची राजीखुशी असणे, या गोष्टी तरुणांच्या लैंगिक आरोग्यात येतात. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार संमतीचे वय १८ आहे. त्याआधीची संमती कायदा मानत नाही.

लैंगिक संबंध न ठेवणे वा पुढे ढकलणे म्हणजे संयम. तो पाळला जाईल तोवर त्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. फक्त संयमच शिकवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९६ च्या कायद्याने त्यासाठी वर्षाला ५ कोटी डॉलर मिळू लागले. २००७ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या मूल्यमापनात दिसले, की हे धडे घेतलेली आणि न घेतलेली मुले सारख्याच वयात संबंधांना सुरुवात करत होती. संयमाचा निर्णय आदरास पात्र आहे. पण तो घेणाऱ्यांनाही पुढेमागे, निदान लग्नानंतर, इतर साधनांची माहिती लागतेच.

निरोध (कंडोम) गर्भधारणा आणि संसर्ग या दोन्हींपासून संरक्षण देतो. दर वेळी अचूक वापरल्यास वर्षभरात १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात ही संख्या १३ च्या आसपास जाते. हा फरक बहुतांशी हाताळणीचा. पाकिटावरची मुदत पाहावी, ते दाताने फाडू नये, टोकातली हवा चिमटीने काढून मगच निरोध चढवावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्यास लॅटेक्स कमकुवत होऊन फाटते. पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेल्या निरोधाचाही भरवसा नसतो.

रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या आणि तांबी गर्भधारणा रोखतात, संसर्ग नाही. पाळी अनियमित असलेल्या मुलींनी ‘सुरक्षित दिवसां’वर विसंबू नये. लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. भारतात २००५ पासून ती मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळते. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही आणि नेहमीचे साधन म्हणून ती योग्य नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्याहून परिणामकारक ठरते.

परमा, गरमी, क्लॅमिडिया यांची लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. हे आजार प्रतिजैविकांनी बरे होतात, मात्र जोडीदारावरही उपचार व्हावे लागतात; नाहीतर संसर्ग परत येतो. एचआयव्हीची लागण होण्याजोगा संबंध आला असल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्हीवरची लस ९ ते १४ या वयात, लैंगिक संबंधांच्या आधी, घेणे सर्वांत फायद्याचे.

महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसून. तरीही २००७ मध्ये राज्याच्या शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी आली, आणि त्यात नुकसान झाले ते मुलांचेच. पुढे २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन, तर ‘सुरक्षा’ क्लिनिकमध्ये गुप्तरोगांवर उपचार मिळतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पॉक्सोनुसार पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.