आधी निदान, मग हात

अमरावती-अकोल्याकडे गुडघा धरला, बोटं आखडली किंवा कंबर लचकली, तरी दुखण्याला नाव बहुतेक वेळा एकच मिळतं : वात. नाव एकच असल्यामुळे उपायही एकमेकांत मिसळून गेले. कोणी निर्गुडीच्या पाल्याने शेकतो, कोणी हाडवैद्याकडे जाऊन सांधा 'बसवून' घेतो, तर कोणी बिब्बा घालतो. बिब्बा दिव्यावर धरायचा आणि त्यातून पाझरणारं काळं तेल सुईच्या टोकाने दुखऱ्या गुडघ्याभोवती ठिपक्याठिपक्याने लावायचं. ते उतलं की कातडीवर फोड येतात आणि त्यांचे डाग पुढे वर्षानुवर्षं दिसत राहतात. आता या उपायांच्या रांगेत कायरोप्रॅक्टिकही आलं आहे. मोबाईलवरच्या चित्रफितीत मान एका झटक्यात वळते, कट्‌कन आवाज येतो आणि रोगी हसत उठतो. या नव्या उपचाराकडून काय मिळेल हे ठरवायचं, तर आपल्या जुन्या हाडवैद्यकीचा इतिहास नीट वाचावा लागतो. त्या इतिहासातून मला एकच गोष्ट ठळकपणे दिसते : हाताची विद्या खरी होती, पण ती निखळलेल्या आणि लचकलेल्या सांध्यासाठी होती, आजारलेल्या सांध्यासाठी नव्हती. हा फरक पुसला गेला आणि तिथून नुकसान सुरू झालं.

जुन्या ग्रंथांत हा फरक स्पष्ट आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांसाठी 'भग्न' हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार दिले आहेत. हाड ओढून जागेवर कसं आणावं आणि पट्टी कशी बांधावी, हे तर सांगितलं आहेच. शिवाय थंडीत ती पट्टी सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडावी, इतका बारकावा आहे. अकोल्याचा मे महिना सोसलेल्या माणसाला त्यामागचा विचार वेगळा समजावून द्यावा लागत नाही. सांध्यांच्या आजारांची मांडणी मात्र याहून वेगळी केलेली आहे. चरकाने सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन वातव्याधीत केलं आणि वातरक्ताला स्वतंत्र अध्याय दिला. सुखवस्तू माणसांशी जोडला गेलेला म्हणून वातरक्ताला 'आढ्यवात' असंही नाव होतं, आणि आजच्या गाऊटशी त्याचं साम्य लगेच ध्यानात येतं. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवनिदानात आमवाताला स्वतःचं प्रकरण मिळालं. थोडक्यात, आपल्या परंपरेने प्रकार ओळखले होते. त्यांची सरमिसळ बोलीतल्या 'वात' या एका शब्दाने केली.

गावोगावी ही विद्या टिकली ती तालमींमुळे. कुस्तीत खांदा निखळणं, मनगट मुरगळणं, घोटा लचकणं हे रोजचंच. मातीत उतरणाऱ्या तरुणाचं अंग वस्ताद रोज पाहायचा, म्हणून कुठला सांधा किती सरकला हे त्याच्या बोटांना कळायचं. वऱ्हाडाचा तर व्यायामाशी विशेष ऋणानुबंध आहे. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीत सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ एका आखाड्यापुरतं राहिलं नाही. 1936 साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पण तालमीत येणारं शरीर तरुण आणि निरोगी असायचं, आणि त्याचं दुखणं मार लागल्याचं असायचं. तिथे यशस्वी ठरलेला हात साठीच्या बाईच्या सुजलेल्या मनगटावर पडला, तेव्हा हात तोच असला तरी आजार बदललेला होता.

हीच चूक युरोप-अमेरिकेतही झाली. इंग्लंडमध्ये हाड बसवणाऱ्यांची जुनी परंपरा होती आणि डॉक्टर तिला हसत असत. 1867 साली जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदाने आपल्या व्याख्यानात व्यवसायबंधूंना बजावलं, की हे लोक कोणती दुखणी बरी करतात ते शिकून घ्या आणि कोणत्या दुखण्यात अपाय करतात तेही ओळखा. चार वर्षांनी व्हार्टन हूड या डॉक्टरने अशाच एका कारागिराकडून शिकलेलं तंत्र लॅन्सेटमध्ये छापलं. अमेरिकेने दुसरी वाट धरली. 1895 साली डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली आणि पुढे शंभरातले पंचाण्णव रोग मणके सरकल्याने होतात असा दावा केला. हाताच्या एका उपयुक्त कौशल्याला सर्व रोगांचं कारण आणि औषध ठरवण्याची ही उडी पुराव्यावर टिकली नाही. तो कट्‌कन होणारा आवाजही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. 2015 साली एमआरआयच्या चित्रणात ही पोकळी प्रत्यक्ष दिसली.

'वात' या शब्दाखाली आज काय काय दडलेलं असतं, ते पाहू. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये गुडघ्याची कूर्चा झिजते, चालल्यावर दुखणं वाढतं आणि विसाव्याने कमी होतं. ऱ्हुमॅटॉइड म्हणजे आमवातासारखा आजार. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, दोन्ही हातांची बोटं सुजतात आणि सकाळी तासभर मूठ वळत नाही. गाऊटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक साचतात आणि पायाचा अंगठा बहुधा रात्री अचानक पेटतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस तरुणांच्या कंबरेत सुरू होतो आणि मणके हळूहळू एकमेकांत जखडत नेतो. शिवाय चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी आहेच. 2006 च्या साथीत देशात 13 लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले. ती साथ विदर्भातही आली होती आणि ताप उतरल्यावरही अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले.

यांपैकी कायरोप्रॅक्टिकचा उपयोग कुठे होतो? सर्वांत भक्कम पुरावा साध्या कंबरदुखीबाबत आहे. तिथे मणक्यांवरच्या हस्तोपचाराने मध्यम फरक पडतो, साधारण व्यायामाने आणि इतर उपायांनी पडतो तेवढाच. झिजलेल्या गुडघ्याला हाताने दिलेली हालचाल व्यायामाच्या जोडीने थोडा आराम देऊ शकते, पण कूर्चा परत आणू शकत नाही. आमवाताची आग तर हाताने विझतच नाही. तिला मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं आणि तेही सांधे वाकडे होण्याआधी. उलट या आजारात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, आणि अशा मानेला दिलेला झटका मज्जारज्जूवर बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेतही दाह भडकलेल्या सांध्यावर असा झटका देऊ नये असंच सांगितलं आहे.

यावर कोणी म्हणेल, की हाडवैद्याकडे गेल्यावर लोकांना बरं वाटतं, हा अनुभव खोटा कसा? तो खोटा नाहीच. चोळण्याने आखडलेले स्नायू सैलावतात, आपलं दुखणं कोणीतरी हात लावून पाहिलं याचाही आधार वाटतो. पण आमवात मुळातच चढ-उतारांचा आजार आहे. उतार आला की श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं आणि सांधा आतून झिजतच राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : खेड्यातल्या बाईने तज्ज्ञ कुठून आणायचा? दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला की मजुरीही बुडते, हे खरंच आहे. म्हणूनच पहिली पायरी सोपी असायला हवी. सूज आहे का, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहतो का, दुखणं दोन्ही बाजूंना आहे का, हे तीन प्रश्न आशाताईसुद्धा विचारू शकते. उत्तर 'हो' आलं तर पुढचा रस्ता जिल्हा रुग्णालयाचा. वाटेतल्या अनोळखी पुड्या मात्र टाळाव्यात, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं देशात वारंवार आढळलं आहे. वेदनाशामक गोळ्याही मनाने वर्षानुवर्षं घेऊ नयेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी जुन्याच आहेत, आणि या गोळ्यांचा भारही मूत्रपिंडावरच पडतो.

संधिवातासाठी आपल्या तालमींकडून घेण्यासारखं सर्वांत मोलाचं काही असेल, तर ते झटका देऊन सांधा बसवणं नव्हे, रोजचा बेतशीर व्यायाम आहे. झिजलेल्या गुडघ्याला मांडीचे बळकट स्नायू आणि कमी झालेलं वजन जेवढा आधार देतात, तेवढा कोणताही झटका देत नाही. अशा गुडघ्याला खोल बैठका मात्र नकोत. खुर्चीत बसून पाय सरळ उचलणं आणि सपाट रस्त्यावर चालणं पुरेसं आहे. हाडवैद्य असो, कायरोप्रॅक्टर असो की मालिश करणारा, अंगाला हात लावण्याआधी त्याला एवढंच विचारा : माझ्या सांध्याला नेमकं झालंय काय? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्या हाती मान देऊ नका.