गांजाच्या दोन नोंदी

कॉलेजातील मुले गांजा ओढतात ही तक्रार आज जो तो करतो, आणि हे खूळ परदेशातून आले असे पुष्कळांस वाटते. आमच्या वाचनात आलेली हकीकत कलकत्त्याची आहे, आणि ती सुमारे १८३८-३९ सालची आहे.

तेथील मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी हे प्राध्यापक होते. गांजाच्या राळेचे औषध होईल काय, हे त्यांना पाहावयाचे होते. आधी जनावरांवर प्रयोग झाले. मग ६ नोव्हेंबर १८३८ रोजी संधिवाताच्या तीन रोग्यांना प्रत्येकी एक ग्रेन राळ दिली गेली. त्यांतील एक जण दोन तासांत गाऊ लागला, आणखी जेवण मागू लागला. रात्री आठला पाहतात तो बेशुद्ध. हात उचलून ठेवावा तर तो तसाच राही! पुढे तो शुद्धीवर आला.

विद्यार्थ्यांनीही हौसेने स्वतःवर प्रयोग केले. आधी नाडी मोजावयाची, दोन हुशार सोबत्यांनी पहारा करावयाचा, असा बंदोबस्त होता. एका लाजाळू मुलाने पाव ग्रेन घेतली. वीस मिनिटांत तो राजा झाला, दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला. धर्म, शास्त्र, राजकारण यांवर तीन तास त्याने असे वक्तृत्व केले की मित्र थक्क झाले. शेवटी डोकेदुखीसुद्धा नाही. गुरुजींनी हे सारे कौतुकाने लिहून ठेवले आहे.

ओशॉनेसींना आम्ही निर्दय म्हणत नाही. त्यांनी काही लपविले नाही. पण चौपट मात्रा कोणाच्या देहावर पडली, हे कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

पुढे गोरगरिबांच्या गांजाची नोंद झाली ती वेड्यांच्या इस्पितळात. तेथे वेडाचे कारण लिहिण्याचा रकाना असे, आणि तो पुष्कळदा पोलिसांच्या सांगण्यावरून भरला जाई. अपघाताच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द आम्ही इतक्या वेळा वाचले आहेत, की या रकान्याचे आम्हांस नवल वाटले नाही. १८९३ साली सरकारने कमिशन नेमले. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. ११९३ साक्षी झाल्या. अतिसेवन घातक हे त्यांनी मान्य केलेच. परंतु १८९२ सालात गांजा-भांगेच्या नावावर घातलेले २२२ वेडे त्यांनी एकेक करून तपासले, तेव्हा त्यांतले ९८च उरले.