नाणेघाट चढा, जुन्नरचा बाजार भरलाय

कडेला सरका! पाठीवर गोण्या लादलेले बैल मागून येताहेत आणि नाणेघाटाच्या पायऱ्या शेणाने निसरड्या झाल्यात. सुमारे १९०० वर्षं मागे आलात, आता घाबरून कसं चालेल? राज्य सातवाहनांचं आहे. कोकणातली दमट हवा अजून अंगाला चिकटलेली आहे. माथ्यावर पोचलात की आधी कातळातल्या टाक्याचं गार पाणी प्या, मग तांड्यामागोमाग जुन्नर गाठा.

बाजार दिसायच्या आधी कानांवर येतो. कासार काशावर हातोडे मारताहेत, भट्टीची धग थेट तोंडावर येते. शेजारी बुरूड बांबू चिरतोय, जपून, कामटी पायात घुसेल. तिळाचं तेल, मिरे, सुकी मासळी, बैलांचा घाम हे सगळे वास एकदमच नाकात शिरतात. दोन कानांच्या उंच कुंभातून समुद्रापारची दारू आलीय. एक यवन, म्हणजे ग्रीक, व्यापारी हातवारे करत भाव पाडतोय, आणि धान्यवाला चांदीचं कार्षापण नाणं दगडावर आपटून त्याचा नाद ऐकतोय.

एवढ्यात गर्दी आपोआप दुभंगते. भिक्षू आलेत. माध्यान्हीनंतर त्यांना जेवण चालत नाही, म्हणून बाया लगबगीने वाफाळता भात त्यांच्या पात्रात वाढताहेत. तुम्हीही वाढा, आणि मग त्यांच्यामागे लेण्याद्रीचा डोंगर चढा.

वर शांतता असेल असं वाटलं होतं ना? इथेही हातोडेच! छिन्नीखाली कातळ फुटतोय, दगडाची भुकटी दातांत करकरते. लेणी कोरण्याचा हा खर्च खालच्याच बाजाराने उचललाय. जुन्नरच्या या डोंगरांत धान्यवाल्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींकडे तर दानाच्या ठेवीही आहेत, त्यांचं व्याज भिक्षुसंघाला मिळतं. मघाशी तुम्ही ज्यांच्या दुकानासमोर धक्के खाल्लेत, त्यांच्याच घासाघिशीतून भिक्षूंना डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी मिळालंय.

भिंतीवर ब्राह्मी अक्षरं कोरणारा पाथरवट आता तुमच्याकडे वळलाय. दात्यांच्या नावांखाली थोडी जागा उरलीय. तुम्ही काय देताय?