अजिंठ्याच्या भिंतीवरची शाळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची शिंगे रंगवतात. घरातले पोर ती रंगवू लागले की वडील कौतुकाने पाहतात. तेच पोर वहीच्या कडेला चित्र काढताना दिसले, की मात्र ऐकू येते, "रेघोट्या ओढून पोट भरतं का रे?" प्रश्न साधा आहे आणि गरिबाच्या घरात तो खोटाही नाही. पण या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच डोंगरात घडलेला आहे. बुलढाणा शहर ज्या डोंगरावर वसले आहे, ती अजिंठ्याचीच रांग!

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई यांनी कलाशिक्षणासाठी १८५३ साली एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाने कलाशाळा सुरू झाली. तीच पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून प्रसिद्ध झाली. सरकारच्या मनात तेव्हा चित्रकारांपेक्षा कुशल कारागीर घडवायचे होते. मुलांना भूमितीच्या आकृत्या आणि ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून रेखाटन शिकवीत. मुंबईचा मुलगा ग्रीक देवाचे नाक गिरवी, आणि सह्याद्रीच्या लेण्यांत काय आहे याची त्याला गंधवार्ताही नसे.

हे चित्र बदलले ते जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकामुळे. ते १८६५ साली या शाळेत आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्याच्या दिवसांत ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. भिंतीवरची चित्रे कापडावर तैलरंगांत उतरवून घेणे, हे काम. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी त्या विद्यार्थ्यांची नावे आज आपल्याला माहीत आहेत. आता विचार करा, गुहेत उजेड अंधूक, भिंत खडबडीत, चित्राचे पोपडे सुटलेले. अशा ठिकाणी दिवसचे दिवस एकाच बोटाचा, एकाच भुवईचा वळसा पाहत बसायचे. याला अभ्यास नाही तर काय म्हणायचे?

आणि त्यांनी पाहिले तरी काय? हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांची सामग्री आपल्या ओळखीचीच होती. भिंतीला मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात. रंग म्हणाल तर गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी. निळा तेवढा परमुलखातून आलेल्या दगडाचा. म्हणजे ज्या वस्तूंनी आपल्या आयाबहिणी घर सारवीत आणि रंगवीत आल्या, जवळजवळ त्याच वस्तूंतून पद्मपाणीचे ते शांत मुख उमटले. सामान गरिबाचे होते, पण हात शिकलेला होता. शिक्षणाने फरक पडतो तो इथे.

या नकलांचे नशीब मात्र फार वाईट. ग्रिफिथ्सच्या आधी, १८४४ पासून, कंपनी सरकारच्या सैन्यातले रॉबर्ट गिल या लेण्यांत वर्षानुवर्षे चित्रे उतरवीत होते. त्यांची बहुतेक चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ सालच्या आगीत जळाली. म्हणून तर हे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या कितीतरी चित्रांची राख झाली! उरलेल्या चित्रांच्या आधारे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे मोठे पुस्तक निघाले. अजिंठ्याची चित्रे जगभरच्या घराघरांत गेली ती अशा पुस्तकांतून.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. चित्रे नीट दिसावीत म्हणून या मंडळींनी मूळ भिंतींवर वार्निशाचा हात फिरवला. ते वार्निश पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि मूळ रंग त्याखाली दडले. निजाम सरकारला १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलवावे लागले. प्रेमानेसुद्धा नुकसान होते, हा धडाही या शाळेतलाच.

पण त्या मेहनतीचे फळ वाया गेले नाही. जे. जे. मध्ये १८९३ साली ड्रॉइंग शिक्षकांचा वर्ग सुरू झाला, आणि चित्रकला हळूहळू गावोगावच्या शाळांत पोचली. याच शाळेत शिकलेले कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे तेथेच शिक्षक झाले आणि त्यांनी पुस्तकांसाठी असंख्य चित्रे काढली. रेघोट्यांवर त्यांचे पोटही भरले आणि नावही झाले. पुस्तकातली चित्रे, जाहिराती, अक्षरे यांचा स्वतंत्र विभाग १९३५ मध्ये निघाला आणि १९५८ मध्ये त्याची वेगळी संस्था झाली. आपल्या मुलांच्या हातातले बालभारतीचे पुस्तक उघडा. त्यातले प्रत्येक चित्र कुणीतरी शिकून, मोबदला घेऊन काढलेले असते.

आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई प्रांतात नव्हता, वऱ्हाडात होता. मुंबईची कलाशाळा म्हणजे परप्रांतच. आता तसे राहिले नाही. राज्याचे कला संचालनालय १९६५ साली झाले. जे. जे. चे शिक्षण १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीला जोडले गेले आणि २०२३ मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी कलामहाविद्यालये आहेत. बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यायची आणि चार वर्षे शिकायचे. त्याची पहिली पायरी आपल्याच शाळेत असते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांची. पण जिथे चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, तिथे ही पायरीच काढून घेतली जाते. मुलगा मागे पडला तर दोष त्याच्या बोटांचा नसतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. यंदाची सहल अजिंठ्याला न्या. मुलांना पळत पळत सगळी लेणी दाखवू नका. पहिल्या लेण्यात थांबा. भिंतीला कुणी हात लावणार नाही हे बघा. चित्रातला एकच हात मुलांना नीट न्याहाळू द्या, आणि बाहेर सावलीत बसवून तो वहीत आठवणीने काढायला सांगा. दहा जणांचे हात वेडेवाकडे येतील, एकाचा बरा येईल. त्याच्या वडिलांना भेटा आणि पोरगा रेघोट्या ओढत नाही, शिकतो आहे, एवढे त्यांना सांगा.