एका गायकाचा मागोवा

चार्ली चॅप्लिनच्या जन्माचा दाखला इंग्लंडच्या सरकारी दप्तरांत सांपडलेला नाहीं. बातमी मात्र सांपडते, आणि तीहि रंगभूमीच्या धंद्यांतील 'मॅग्नेट' या पत्रांत. ११ मे १८८९ च्या अंकांत छापलें आहे कीं, गायक चार्ल्स चॅप्लिन यांच्या पत्नीस गेल्या महिन्याच्या १५ तारखेस मुलगा झाला. चार्ली स्वतः १६ तारीख मानीत असे. नटाच्या घराण्याचा इतिहास शोधणारास असा एखाद्या दिवसाचा फरक पदरीं घ्यावाच लागतो!

ज्याचें नांव त्या बातमींत आहे तो बाप १८६३ सालीं जन्मला. लंडनच्या म्युझिक हॉलांत तो गात असे. त्याचीं गाणीं छापून विकलीं जात, आणि मुखपृष्ठावर त्याची रुबाबदार छबी असे. १८९० सालीं तो न्यूयॉर्कलाहि गाऊन आला. परंतु या नाट्यगृहांचा खरा नफा दारूवर होता. खेळ संपल्यावर गायकानें गिऱ्हाइकांबरोबर प्यावें, ही जणूं नोकरीचीच अट. त्या अटीनें पुष्कळ गळे बसविले.

पुढें पत्नी हॅना (तीहि लिली हार्ली या नांवानें गात असे) आणि मुलें एकीकडे, तो दुसरीकडे. येथून पुढचा माग गाण्यांच्या कागदांवर नव्हे, तर दरिद्री-निवाऱ्याच्या नोंदवह्यांत लागतो. १८९६ मध्यें मुलें तेथें दाखल झालीं. बापानें आठवड्यास १५ शिलिंग द्यावे असा हुकूम झाला. त्यानें ते दिले नाहींत, तेव्हां त्याच्यावर वॉरंट निघालें. म्हणजे मुखपृष्ठावर उंची हॅट घालून हंसणारा गृहस्थ आणि सरकारी वहींतला हा थकबाकीदार एकच! दोन्ही कागद खरे आहेत; एकावरून दुसऱ्याचा निकाल लावणें अन्यायाचें होईल. कारण १८९८ च्या अखेरीस धाकट्या चार्लीस 'एट लँकेशायर लॅड्स' या नाचणाऱ्या मुलांच्या संचांत जागा मिळाली, ती याच बापाच्या ओळखीनें.

बापलेकांची अखेरची भेट चार्लीनें १९६४ सालच्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. केनिंग्टन रोडवरील एका गुत्त्यांत त्यानें सहज डोकावलें. बाप सुजला होता. त्यानें आईची, भावाची चौकशी केली आणि मुलास प्रथमच जवळ घेऊन मुका घेतला.

९ मे १९०१ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत तो वारला. ट्यूटिंगच्या स्मशानभूमींत सामाईक कबरींत त्यास पुरलें. रुग्णालयानें हॅनाच्या हातीं एक गांठोडें दिलें. त्यांत रक्ताचे डाग पडलेला काळा सूट होता, आणि जुने सपाते; त्यांच्या पुढल्या टोकांत संत्रीं कोंबलेलीं. तीं काढतांच आंतून अर्ध्या सॉव्हरिनचें एक नाणें बिछान्यावर पडलें.