स्पिटफायर, १:७२ : विमान-प्रतिकृतींच्या कलेचा इतिहास

प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच पटीने लहान केलेले असते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर याच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. १:७२ या प्रमाणात तो सुमारे १५.६ सेंटिमीटर भरतो, १:४८ मध्ये २३.४ आणि १:२४ मध्ये ४६.८. ही प्रमाणे फूट-इंचांच्या हिशेबातून आली आहेत. एका इंचात सहा फूट बसवले की १:७२, चार फूट बसवले की १:४८ आणि दोन फूट बसवले की १:२४.

१:७२ हे प्रमाण रूढ होण्याचे श्रेय ब्रिटनमधील ‘स्कायबर्ड्स’ या संचांना जाते. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी आखलेले हे संच १९३२ मध्ये बाजारात आले. सहा फुटी वैमानिक एका इंचाचा करायचा, हा त्यांचा सोपा हिशेब होता. संचात लाकडाचे अर्धवट घडवलेले तुकडे आणि धातूचे बारीक भाग असत. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन लाकूड घासायचे, पंखांना गोलाई आणायची, मग रंग द्यायचा, ही सारी मेहनत घेणाऱ्याची असे. विमान किती हुबेहूब होईल हे हातातल्या कसबावर अवलंबून राही.

१९३६ साल दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. ५ मार्च रोजी आर. जे. मिचेल यांनी आखलेल्या स्पिटफायरने पहिले उड्डाण केले आणि त्याच वर्षी ‘फ्रॉग’ या ब्रिटिश नाममुद्रेने प्लॅस्टिकच्या विमानसंचांची ‘पेंग्विन’ मालिका आणली. याआधी फ्रॉगची खेळणी खरोखर उडणारी होती. पेंग्विन मालिका मात्र केवळ मांडून ठेवण्यासाठी होती. तिचे सुटे भाग सेल्युलोज ॲसिटेटचे होते. घडण साच्यातच होत असल्याने लाकूड तासण्याचे काम संपले. पण हे प्लॅस्टिक कालांतराने वाकते, त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच प्रतिकृतींचे पंख आज वेडेवाकडे झालेले दिसतात.

महायुद्धाने या छंदाला युद्धकार्यात ओढले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखता येणे जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांमधील विद्यार्थ्यांकडून १:७२ प्रमाणातील पाच लाख लाकडी विमाने करून घेण्याची मोहीम हाती घेतली. नमुन्याचे कागदी आराखडे पुरवले जात आणि तयार विमान काळ्या रंगाने रंगवले जाई, म्हणजे डोळा फक्त आकृतीवर स्थिरावे. हे प्रमाण प्रशिक्षणाला सोयीचे होते. पस्तीस फुटांवरून पाहिलेली प्रतिकृती जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसे. पुढे हेच काम साच्यातल्या प्लॅस्टिक प्रतिकृतींनी केले. अचूकपणा ही केवळ हौस नव्हे, गरज आहे, हा धडा याच काळात पक्का झाला.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आणि इंजेक्शन मोल्डिंग यांनी सगळे बदलले. या पद्धतीत प्लॅस्टिक वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरतात आणि थंड झाल्यावर एका चौकटीला जोडलेले सुटे भाग बाहेर येतात. साचा बनवणे अतिशय महाग; पण एकदा तो तयार झाला की त्यातून हजारो संच स्वस्तात काढता येतात. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेली ‘एअरफिक्स’ कंपनी आधी हवा भरून फुगवण्याची रबरी खेळणी आणि नंतर कंगवे बनवत असे. १९४९ मध्ये तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा छोटा संच वूलवर्थ्स या दुकानमालिकेत अवघ्या दोन शिलिंगांना विकला जाऊ लागला. त्याच दशकाच्या मध्यास तिचा पहिला स्पिटफायर आला. तो ओबडधोबड होता. पण शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांत परवडत होता. लढाऊ विमान घरोघरी पोहोचले ते या किमतीमुळे.

अमेरिकेत मोनोग्रामने १९४५ मध्ये लाकडी संचांपासून सुरुवात केली, तर रेव्हेलने १९५३ मध्ये ‘मिसूरी’ या युद्धनौकेच्या प्लॅस्टिक संचाने नाव कमावले. जपानमध्ये लाकूडकामाची परंपरा असलेले शिझुओका शहर या उद्योगाचे केंद्र बनले. तिथली तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून उभी राहिली आणि १९६० मध्ये तिने ‘यामातो’ युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच काढला. पुढे तामिया आणि हासेगावा यांच्या साच्यांच्या नेटकेपणामुळे सुटे भाग फटी न राहता जुळू लागले.

१९६० चे दशक या छंदाच्या भरभराटीचे होते. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅस्टिक प्रतिकृतिकारांची ‘आयपीएमएस’ ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. १९६४ पासून रॉय क्रॉस या चित्रकाराने एअरफिक्सच्या खोक्यांवर रंगवलेल्या हवाई लढायांनी एका पिढीला भुरळ घातली. आता चाहते मोजपट्टी घेऊन संच तपासू लागले. आरंभीच्या संचांत चिन्हे कुठे चिकटवायची हे दाखवणाऱ्या रेषा पंखांवर उठावात कोरलेल्या असत आणि रिव्हेट डोळ्यांत भरतील इतके मोठे असत. टीका होऊ लागली तसे हे दोष दूर झाले. १९७० मध्ये एअरफिक्सने १:२४ प्रमाणातील स्पिटफायर आणला.

प्रतिकृती जुळवण्याचा क्रमही या काळात ठरत गेला. प्रथम कॉकपिटमधील आसन, उपकरणे आणि पट्टे रंगवतात, मग धडाचे दोन अर्धे भाग चिकटवतात. सांधे लांबीने भरून पॉलिश पेपरने घासतात. अस्तराचा रंग दिल्यावर एअरब्रशने मुख्य रंग चढवतात, त्यावर चकचकीत थर देऊन पाण्यात भिजवलेली चिन्हे सरकवून बसवतात, जोडरेषांमध्ये पातळ गडद रंग सोडतात आणि शेवटी सगळ्यावर निस्तेज थर देतात. यातला खरा कस रंग ठरवण्यात लागतो. १९४० च्या स्पिटफायरवर वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी रंग असे. ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीच्या जागी करडा आला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मित्रराष्ट्रांच्या विमानांवरील वर्तुळातून लाल ठिपका काढून टाकला गेला, कारण जपानी विमानांवरील तांबड्या गोलाशी त्याची गल्लत होण्याचा धोका होता. म्हणून त्या आघाडीवरील भारतीय हवाई दलाचा स्पिटफायर करणाऱ्याला तुकडी, महिना आणि आघाडी माहीत असावी लागते. छायाचित्रे आणि तुकड्यांच्या नोंदी चाळल्याशिवाय हे काम होत नाही.

१९७० च्या दशकातील तेलसंकटाने प्लॅस्टिक महागले आणि पुढे संगणकीय खेळांनी मुलांना आपल्याकडे ओढले. एअरफिक्सची मालकी १९८१ आणि १९८६ मध्ये बदलली. २००६ मध्ये ती हॉर्नबी कंपनीकडे गेली. २०१० च्या आसपास काही वर्षे तिचे अनेक संच भारतात तयार होत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या एडुआर्ड या चेक कंपनीने आम्लाने कोरलेल्या धातूच्या पातळ पत्र्याचे सूक्ष्म भाग लोकप्रिय केले. आता संगणकीय आराखडे आणि जतन केलेल्या विमानांचे लेझर मापन यांच्या आधारे साचे घडवले जातात. २००९ मध्ये आलेला तामियाचा १:३२ स्पिटफायर या अचूकतेचा नमुना मानला जातो.

मुलांचा बाजार आटला, तरी प्रौढ आणि चिकित्सक कारागिरांनी हा छंद टिकवला. वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधले गेले. त्यांतले फारच थोडे आज उरले आहेत आणि जे उरले त्यांपैकी अनेकांचे रंग-भाग बदललेले आहेत. एखादे ठरावीक विमान एका ठरावीक दिवशी नेमके कसे दिसत होते, हे तिन्ही मितींत दाखवण्याचे काम संग्रहालयांच्या बरोबरीने या कारागिरांनी केले आहे. अभ्यासपूर्वक घडवलेली प्रतिकृती म्हणूनच इतिहासाचे साधन मानली पाहिजे.