दिनविशेष : ९ एप्रिल
माजी विद्यार्थ्यांचा अंतिम सामना (१८८१)

लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर १८८१मध्ये आजच्या दिवशी एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. दोन्ही संघ खासगी निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे होते : चार्टरहाउसचा ‘ओल्ड कार्थुजियन्स’ आणि ईटनचा ‘ओल्ड ईटोनियन्स’. कार्थुजियन्स ३-० असे जिंकले. त्यांच्या गोल करणाऱ्यांत सहारनपूरला जन्मलेला एडवर्ड विन्यार्ड होता. पुढे तो इंग्लंडकडून कसोटी क्रिकेटही खेळला.

या स्पर्धेचे मूळही शाळेतच सापडते. हॅरो शाळेत वसतिगृहांमध्ये बाद पद्धतीचे सामने होत. तिथे शिकलेल्या चार्ल्स अलकॉकने १८७१मध्ये तीच पद्धत देशभरातल्या क्लबांसाठी सुचवली. त्याआधीची मोठी अडचण नियमांची होती. चार्टरहाउसची मुले लंडनच्या जुन्या इमारतीत दगडी फरशीच्या ओवऱ्यांत खेळत, म्हणून तिथे चेंडू पायाशी ठेवून पुढे नेण्याचे कसब वाढले. रग्बी शाळेत चेंडू हातात घेऊन धावत. प्रत्येक शाळेचा खेळ वेगळा, मग सामना कोणत्या नियमाने खेळायचा? १८६३मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ती या पेचातून.

श्रीमंत घरांतल्या या मुलांनी खेळाला शिस्त दिली, हे श्रेय त्यांचेच. पण खेळ त्यांच्यापुरता उरला नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. ३१ मार्च १८८३ रोजी याच ओव्हल मैदानावर एफए कपच्या अंतिम सामन्यात ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ या संघाने ईटोनियन्सना जादा वेळेत २-१ असे हरवले. त्या विजेत्या संघात कापड गिरण्यांतले कामगार होते.